बोर्डावरचा भाव, खरा भाव

घोड्यांवर पैसे लावणारा माणूस नेमका कुणाशी खेळतो, हे बरेचदा त्यालाच ठाऊक नसतं. बुकीकडे लावलेत तर बुकीशी. टोटवर लावलेत तर आजूबाजूला उभ्या असलेल्या पब्लिकशी. सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये पडतात, कोर्स आधी आपला हिस्सा कापून घेतो आणि उरलेली रक्कम जिंकलेल्या तिकिटांवर वाटली जाते. पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळी सीझनमध्ये मी एवढंच शिकलो होतो. न्यू जर्सीला आल्यावरही काही वर्षं तेवढ्यावर निभावलं.

मग एका दुपारी इथल्या एका कोर्सवर शेजारच्या निवृत्त पोस्टमनने पाच नंबरवर वीस डॉलर विन लावले. घोडे गेटमध्ये शिरत होते तेव्हा बोर्डावर सहाचा भाव होता. गेट उघडलं, घोडे पहिल्या वळणावर पोचले आणि बोर्डावरचा आकडा बदलला. साडेतीन. पाच नंबर आरामात जिंकला. खिडकीवर एकशेचाळीस मिळायला हवे होते, तिथे नव्वद मिळाले. म्हाताऱ्याने नोटा दोनदा मोजल्या, एक सणसणीत शिवी हासडली आणि म्हणाला, शर्यत सुरू झाल्यावर कुणीतरी पैसे लावतंय.

संशय अगदीच हवेतला नव्हता. २००२ च्या ब्रीडर्स कपमध्ये टोट चालवणाऱ्या कंपनीतल्याच एका प्रोग्रॅमरने, पहिल्या काही शर्यती होऊन गेल्यावर, पिक सिक्सचं, म्हणजे सलग सहा शर्यतींचे विजेते ओळखायचं, तिकीट आतून बदललं होतं. तो पकडला गेला. पण आमच्या पाच नंबरचं प्रकरण तसं नव्हतं. जे झालं ते सगळं नियमात बसणारं होतं, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

गेट उघडलं की बेटिंग बंद होतं. पण देशभरातून आणि देशाबाहेरून आलेल्या पैशांची बेरीज होऊन ती बोर्डावर चढायला थोडा वेळ जातो. आणि सगळ्यात मोठा पैसा येतो तो नेमका शेवटच्या काही सेकंदांत. तो लावणारी माणसं नसतात. संगणक पूलमधले भाव वाचतो, आपल्या हिशेबाशी ताडतो आणि जिथे भाव असायला हवा त्यापेक्षा जास्त दिसतो तिथे डोळ्याची पापणी लवायच्या आत शेकडो तिकिटं काढतो. म्हणजे तुम्ही तासभर डोकं खाजवून जो चांगल्या भावाचा घोडा शोधलात, तो त्यालाही सापडतो, फक्त तुमच्यानंतर. तुमचे पैसे आधीच पूलमध्ये अडकलेले असतात. म्हणून जिंकणाऱ्या घोड्याचा भाव शेवटी पडलेला दिसतो. हरणाऱ्याचा चढतो, पण तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

ही विद्या नवी नाही. बिल बेंटर नावाच्या अमेरिकन माणसाने १९८० च्या दशकात हाँगकाँगमध्ये ती सिद्ध करून दाखवली आणि १९९४ मध्ये आपल्या पद्धतीवर चक्क एक निबंधही प्रसिद्ध केला. हुशारीबद्दल माझी काही तक्रार नाही. जास्त अभ्यास करणारा जिंकला तर जिंकू दे. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते रिबेटबद्दल आहे.

न्यूयॉर्कच्या कोर्सवर विन पूलमधून १६ टक्के कापले जातात, एक्झॅक्टामधून (पहिले दोन घोडे क्रमाने ओळखायचे) साडेअठरा, ट्रायफेक्टामधून (पहिले तीन) २४. कॅलिफोर्नियात एक्झॅक्टाचा कट २२.६८ टक्के आहे. एवढा कट सोसून वर्षानुवर्षं नफ्यात राहणं भल्याभल्या संगणकालाही जड जातं. पण त्याला हा कट पूर्ण भरावाच लागत नाही. १९७८ च्या कायद्यामुळे अमेरिकेत एका राज्यातल्या शर्यतीवर दुसऱ्या राज्यात बेटिंग घेता येऊ लागलं. ते घेणारा मूळ कोर्सला ठरावीक फी देतो आणि कटातलं उरलेलं स्वतःकडे ठेवतो. जुन्या काळी ही फी तीन टक्क्यांच्या आसपास असे. म्हणजे वीस टक्के कट असेल तर सतरा टक्के मधल्याच्या हातात. कॅरिबियनमधल्या सेंट किट्स, कुरासावसारख्या बेटांवर बसलेल्या दुकानांनी हे बरोबर हेरलं. तिथे ना ग्रँडस्टँड, ना तबेले, ना घोड्यांचे डॉक्टर. खर्चच नाही. मग त्या सतरातले आठ-दहा टक्के ते मोठ्या गिऱ्हाइकाला परत करू लागले. जिंका किंवा हरा, लावलेल्या रकमेवर परतावा ठरलेला. हाच तो रिबेट.

आता कागदावर एक हिशेब मांडा. आकडे मी सोयीसाठी घेतोय. पूल एक लाख डॉलरचा, कट वीस टक्के, म्हणजे वाटायला ८०,००० उरले. त्यात ३५,००० संगणकवाल्यांचे आणि ६५,००० तुमच्या-माझ्यासारख्यांचे. संगणकवाले शंभर लावून सत्त्याण्णव परत मिळवतात असं धरू, म्हणजे ते पूलमधून ३३,९५० उचलतात. तीन टक्के तोटा झाला. वर आठ टक्के रिबेट, म्हणजे २,८००. शेवटी ते १,७५० नफ्यात. आणि आपण? आपल्या ६५,००० वर परत येतात ४६,०५०. पाटीवर कट वीसचा लिहिलेला असतो, आपल्या खिशातून एकोणतीस गेलेले असतात. आणि रिबेट नसता तर ते पस्तीस हजार या पूलमध्ये आलेच नसते, कारण तीन टक्के तोटा सोसायला संगणकवाले काही हौशी खेळाडू नाहीत.

मी हा हिशेब एकदा त्या पोस्टमनसमोर रेसिंग फॉर्मच्या कोऱ्या कडेवर मांडला. तो म्हणाला, कोर्सवाले हे चालू कसं देतात?

चालू देतात कारण त्यांना आकडे मोठे दिसायला हवे असतात. २००३ मध्ये अमेरिकेत घोड्यांवर वर्षाला १५ अब्ज डॉलरहून जास्त लागत होते. २०२४ मध्ये हा आकडा ११ अब्जांच्या थोडा वर राहिला, आणि मधल्या काळातली महागाई धरली तर घसरण आणखी मोठी दिसते. उरलेल्यातला सुमारे एक तृतीयांश पैसा संगणकवाल्यांचा आहे, असा अंदाज सांगितला जातो. तो गेला तर पूल रिकामे दिसतील, ही धास्ती. गंमत म्हणजे यातलं सगळ्यात नावाजलेलं दुकान, कुरासावचा एलिट टर्फ क्लब, हा मोठे कोर्स चालवणाऱ्या कंपनीच्याच मालकीचा आहे आणि न्यूयॉर्क रेसिंग असोसिएशनचाही त्यात हिस्सा आहे. कुंपणच शेत खातंय म्हणा.

तरी त्याच न्यूयॉर्कवाल्यांनी २०२१ च्या उन्हाळ्यात एक बरी गोष्ट केली. शर्यतीला दोन मिनिटं उरली की विन पूलचं दार संगणकवाल्यांना बंद. पिक सिक्ससारख्या पूलमध्ये तर त्यांना शिरकावच नाही. म्हणून मी विचारणाऱ्याला पहिली गोष्ट हीच सांगतो, की घोडा निवडायच्या आधी पूल निवडा. या कोर्सवर, या प्रकारच्या तिकिटावर कट किती आणि त्या पूलमध्ये संगणकाला मनाई आहे का, हे पाहा. कट किती ते कोर्सच्या माहितीत छापलेलं असतं, कुणी वाचत नाही इतकंच. ट्रायफेक्टावर चौथा हिस्सा कापून घेणाऱ्या खिडकीपुढे रांग लावून मग नशिबाला बोल लावण्यात अर्थ नाही. विनचं तिकीट काढायचं तर बोर्डावरचा भाव हा भाव नाही, अंदाज आहे, असं समजा. सहा दिसत असेल तर स्वतःला विचारा, चारने मिळाला तरी हा घोडा मला हवा आहे का? उत्तर नाही आलं तर ती शर्यत नुसती बघा. बघायला पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट रिबेटच्या मोहाची. आपल्यासारख्यालाही आता तो दाखवला जातो. अमेरिकेतली परवानाधारक अ‍ॅप्स पॉइंट देतात, ते जरूर घ्या, पण पॉइंटसाठी जास्त खेळू नका. दीड टक्का परत मिळावा म्हणून वीस टक्के कटाखाली दुप्पट पैसे ढकलणारे मी पाहिलेत. परदेशी साइट्स मात्र निराळं प्रकरण आहे. रोजच्या खेळावर पाच-आठ टक्के परत, असं त्या उघड सांगतात. त्यातल्या अनेकांकडे तुमचा पैसा पूलमध्ये जातच नाही. बुकीसारखा तो त्यांच्याच वहीत राहतो, फक्त भाव ते कोर्सचा वापरतात. त्यामुळे मोठं बक्षीस लागलं तर बारीक अक्षरातली कमाल मर्यादा पुढे येते. त्या शर्यतीतल्या घोड्याच्या मालकाला, जॉकीला, कोर्सला तुमच्या पैशातून छदामही जात नाही. इथल्या न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या एका स्नेह्याचे पैसे अशाच एका साइटवर अडकले. आधी ओळखपत्र मागितलं, मग विजेचं बिल, मग पुन्हा ओळखपत्र, या वेळी हातात धरून काढलेल्या फोटोसह. तक्रार करायची तर त्या बेटाच्या सरकारकडे. त्याने नाद सोडला.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. २०२६ पासून जुगारातल्या तोट्याची वजावट नव्वद टक्क्यांपुरतीच मिळते. वर्षभरात जितकं जिंकलात तितकंच हरलात, तरी कागदावर उत्पन्न उरतं आणि त्यावर कर बसतो.

भारतात रोग तोच, लक्षणं वेगळी. घोड्यांच्या शर्यतींवरचा जीएसटी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० झाला, आणि तो कोर्सच्या कमिशनवर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर आहे. साहजिकच महालक्ष्मीच्या टोटच्या खिडकीपेक्षा फाटकाबाहेरचा बिनपावतीचा बुकी पंटरला स्वस्त वाटतो. हाँगकाँगच्या जॉकी क्लबने असाच बाहेर पळणारा पैसा रोखायला २००६ मध्ये स्वतःच परतावा सुरू केला, दहा हजार हाँगकाँग डॉलरच्या वरच्या हरलेल्या बेटवर दहा टक्के. निदान तो उघड होता. पण पुन्हा मोठ्यांसाठीच.

मध्यंतरी माझ्या पुण्याच्या भाच्याने असल्याच एका परदेशी अ‍ॅपचा स्क्रीनशॉट पाठवला. “मामा, हरलं तरी पाच टक्के परत देतायत, काय हरकत आहे?” मी त्याला एवढंच सांगितलं, त्यांना चॅटवर विचार की माझा पैसा कुठल्या पूलमध्ये जातो. त्याने विचारलं. उत्तर आलं, “सर, तुमच्यासाठी खास सात टक्के करून देतो.”