जनमत कौल : माहितीचा खर्च आणि निःपक्षपातीपणा

निवडणुकीतील निवड पाच वर्षांनी बदलता येते. जनमत कौलाने झालेला निर्णय मात्र बहुधा कायमचा ठरतो. म्हणूनच मतदानापूर्वी मतदाराला माहिती कोण देतो आणि तिचा खर्च कोण उचलतो, हे प्रश्न लोकशाहीच्या अभ्यासात महत्त्वाचे आहेत.

अर्थशास्त्रीय भूमिका

एका मताने निकाल बदलण्याची शक्यता नगण्य असते. माहिती मिळविण्यास मात्र वेळ व पैसा लागतो. त्यामुळे अनेक मतदार अनभिज्ञ राहतात, असे विवेचन अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये केले. शिवाय माहिती ही सार्वजनिक वस्तू आहे. एकाने वापरल्याने ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही. ती केवळ खासगी प्रयत्नांवर सोडल्यास संघटित हितसंबंधीयांचाच आवाज मोठा होतो. सार्वजनिक निधीचे समर्थन येथूनच सुरू होते. परंतु सरकार स्वतःच वादातील एक पक्ष असेल, तर विरोधी मताच्या करदात्यालाही आपल्याविरुद्धच्या प्रचाराचा खर्च सोसावा लागतो.

गोव्याचा अनुभव

भारतीय राज्यघटनेत जनमत कौलाची सर्वसाधारण तरतूद नाही. चेन्नईच्या दक्षिणेस असलेल्या पुदुच्चेरीच्या विलीनीकरणासाठी १८ ऑक्टोबर १९५४ रोजी किळूर येथे कौल घेतला गेला. मात्र त्यात १७८ लोकप्रतिनिधींनीच मत दिले व १७० जण विलीनीकरणाच्या बाजूने होते. सामान्य मतदारांना थेट विचारल्याचे ठळक उदाहरण गोव्याचे आहे. महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश राहावे, या प्रश्नासाठी संसदेने १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा केला.

दयानंद बांदोडकर यांचे सरकार विलीनीकरणवादी होते. ते सत्तेवर असताना कौल निःपक्षपाती होणार नाही, असा आक्षेप विरोधकांनी घेतला. डिसेंबर १९६६ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी ‘फूल’ व ‘दोन पाने’ या चिन्हांवर मतदान झाले. केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१, तर विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली.

राजीनाम्यामुळे शासनयंत्रणा वादातील एका पक्षाच्या हाती राहिली नाही. युक्तिवाद लोकांपर्यंत नेण्याचे काम मात्र मुख्यतः पक्ष व वृत्तपत्रांनीच केले; मराठी दैनिकांपैकी ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या, तर ‘राष्ट्रमत’ विरोधी बाजूस होते. सत्तेचा दुरुपयोग टाळणे आणि मतदाराला दोन्ही बाजूंची माहिती मिळवून देणे या दोन स्वतंत्र गरजा आहेत, हे यातून दिसते.

परदेशातील पद्धती

ब्रिटनमध्ये १९७५ च्या सार्वमतात दोन्ही बाजूंना प्रत्येकी १,२५,००० पौंड देण्यात आले. घरोघरी दोन्ही बाजूंची पत्रके गेली. पण सरकारचे तिसरे पत्रकही एकाच बाजूचे होते. २००० च्या कायद्याने मतदानापूर्वीच्या २८ दिवसांत सरकारी प्रचारसाहित्यावर निर्बंध घातले. तरीही २०१६ मध्ये ही मुदत सुरू होण्यापूर्वी सरकारने सुमारे ९३ लाख पौंड खर्चून आपल्या भूमिकेचे पत्रक वाटले. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सार्वजनिक पैसा एकाच बाजूसाठी वापरणे घटनाबाह्य ठरविले. १९९८ च्या कायद्याने माहिती देण्याचे काम स्वतंत्र आयोगाकडे गेले. २०२३ पासून ते तेथील निवडणूक आयोग पाहतो.

निष्कर्ष

भारतात १३ मे २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी जाहिराती वस्तुनिष्ठ असाव्यात व सत्ताधारी पक्षाच्या हितासाठी नसाव्यात, असे स्पष्ट केले. तत्त्व तेच आहे. माहितीसाठी निधी सार्वजनिक असावा. परंतु तो खर्च करणारी यंत्रणा वादातील पक्षांपासून स्वतंत्र असावी. निधीची समान वाटणी, स्वतंत्र संस्था आणि कालमर्यादा या तिन्ही अटी एकत्र पाळल्या, तरच पराभूत बाजूलाही निकाल न्याय्य वाटू शकतो.