संतोष हा शिकावयाचा धडा आहे

शास्त्रपाठ: फिलिप्पैकरांस पत्र ४:१०-२०. तोंडपाठ करावयाचे वचन: १ तीमथ्य ६:६.

हे पत्र पौलाने बंदिवासातून लिहिले, हे प्रथम ध्यानात घ्यावे. फिलिप्पै येथील मंडळीने एपफ्रदीताच्या हाती साहाय्य पाठविले होते, त्याबद्दल तो येथे आभार मानीत आहे. आपण जन्मतःच संतोषी आहो असे तो म्हणत नाही. संतोष आपणांस शिकावा लागला असे सांगतो. शिवाय, उपासमारीत कसे राहावे हे जसे तो शिकला, तसेच भरल्या घरात कसे राहावे हेही शिकला. हा धडा केवळ गरिबांसाठी आहे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

धनावर भाव ठेवणे किती व्यर्थ आहे, हे पाहावयास आम्हा सोलापूरकरांस दूर जावे लागत नाही. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ साली सुरू झाली. लोक तिला ‘जुनी गिरणी’ म्हणत. ही कधी थांबेल, असे कोणास वाटले नसेल. तथापि १९४९ च्या ऑगस्टात ती बंद पडली आणि हजारो कामगारांची रोजी बुडाली. १९५० च्या जानेवारीत केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. एक भागधारक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचा अर्ज फेटाळला गेला. ज्याचा घाम होता तो आणि ज्याचा पैसा होता तो, दोघांचाही आधार डळमळला.

मग उद्योग सोडावा काय? मुळीच नाही. पौल स्वतः तंबू करून पोट भरीत असे (प्रेषित १८:३). संतोष म्हणजे आळस नव्हे. तसेच, ज्या मजुराची मजुरी अडकवून ठेवली आहे त्यास ‘संतोष धर’ असे सांगणे हा उपदेश नव्हे, अन्याय होय. याकोब ५:४ वाचावे. संतोषाचा उपदेश प्रथम आपण आपणांस करावा. शेजाऱ्यास मात्र त्याचा वाटा द्यावा. फिलिप्पैकरांनी बंदीतल्या पौलास रिकामा बोध पाठविला नाही, मदत पाठविली.

आता आपल्या घराकडे पाहू. चार लोकांत मान राहावा म्हणून लग्नात कर्ज काढावयाचे, आणि पुढे त्या दोन दिवसांच्या थाटापायी शेत गहाण पडावयाचे, हे आपल्या मंडळ्यांतही घडते. अशा घरी ज्वारीची भाकरी असूनही गोड लागत नाही. आगूराने दारिद्र्य मागितले नाही, श्रीमंतीही मागितली नाही. गरजेपुरते अन्न मागितले (नीतिसूत्रे ३०:८-९). ज्यास ‘पुरे’ म्हणता येते, तोच ऋणातून मोकळा राहतो, आणि त्याच्याच हाती दुसऱ्यास देण्याजोगे काही उरते.

उपदेशकांनी मंडळीस विचारावयाचे प्रश्न:
१. पौल विपुलतेतही काय शिकला?
२. आपल्या घरातील कोणता खर्च गरजेसाठी आहे, आणि कोणता केवळ लोकांच्या दृष्टीसाठी?
३. आपल्या गावी कोणाची मजुरी देणे राहिले आहे काय? ती ह्याच आठवड्यात कशी देता येईल?

प्रार्थना: हे प्रभो, आम्हांस पुरे म्हणावयास शिकीव, आणि उरलेले वाटावयासही शिकीव. आमेन.