दोन स्क्रू आणि दहाचा ठिपका

मी पवनीचा. वैनगंगेच्या काठी पावसाळ्यात आमच्या घराची दारं फुगतात, चौकटीला घासतात. उन्हाळ्यात तीच दारं सैल होतात. लाकूड ओल पितं, एवढं ठाऊक होतं. पण हेच लाकूड रायफलची गोळी चुकवतं, हे कॉलेजात एनसीसीत आल्यावर कळलं.

सेकंड इयरला माझा ग्रुप एकाएकी फाटला. आधी पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसायच्या, त्या आता तळहाताएवढ्या पसरल्या. "तुझा हात थरथरतो रे," मित्र म्हणाले. मलाही पटलं. टीममधून नाव काढून घेणार, तेवढ्यात उस्तादांनी रायफल आर्मररला दाखवली. पुढचा स्क्रू ढिला! दोष हाताचा नव्हताच.

.22 रायफलमध्ये बॅरल आणि बोल्टची यंत्रणा, म्हणजे ॲक्शन, लाकडी दस्त्यात बसवून साधारण दोन स्क्रूंनी आवळलेली असते. ही गोळी संथ. बॅरलमधून बाहेर पडायला तिला दोन-तीन मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात बॅरल कंप पावतं. प्रत्येक वेळी सारखंच कंपलं तर गोळ्या एकाच जागी जातात. ॲक्शन दस्त्यात हलली, किंवा वाकड्या बैठकीवर आवळल्यानं पिळली गेली, की कंप बदलतो.

हिशेब करून पाहा. 50 मीटरच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिमी, म्हणजे त्रिज्या 5.2 मिमी. गोळी तेवढी सरकायला 66 सेमीच्या बॅरलचं तोंड किती हलावं लागतं? जेमतेम 0.07 मिमी. डोक्याच्या केसाएवढं!

मग स्क्रू करकचून आवळावा का? नाही. मशीन डिझाइनमधलं सूत्र आठवा: टॉर्क म्हणजे घर्षणावर अवलंबून असणारा टॉर्क-गुणांक गुणिले ताण गुणिले स्क्रूचा व्यास. 6 मिमीचा स्क्रू, टॉर्क 5 न्यूटन-मीटर, गुणांक 0.2 धरला तर ताण येतो सुमारे 4,200 न्यूटन, म्हणजे सव्वाचारशे किलोचा दाब. आट्यांना तेल लागून गुणांक 0.15 झाला, तर तोच टॉर्क साडेपाचशे किलोच्या वर नेतो. लाकूड दबतं, ॲक्शन वाकते. म्हणून अंदाजानं नको. टॉर्क रेंच हवा आणि कंपनीनं दिलेला आकडा हवा.

बैठक तपासायची युक्ती आपल्या मेट्रॉलॉजी लॅबमधलीच. बॅरल आणि दस्ता यांच्यामध्ये डायल गेज लावून एक स्क्रू हळूहळू सैल करतात. सुई जेमतेम हलली तर बैठक चांगली. बरीच हलली तर ॲक्शन ताणात होती. इलाज म्हणजे इपॉक्सीची बैठक आणि स्क्रूभोवती धातूच्या नळ्या. मग लाकूड फुगलं-आकसलं तरी फरक कमी पडतो.

दस्ता नेमबाजाच्या अंगालाही बसायला हवा. मान न ताणता डोळा थेट साइटमागे आला पाहिजे. गालाची टेक खाली-वर असली तर गालाचा दाब दर गोळीला बदलतो आणि स्क्रू बरोबर असूनही ग्रुप फाटतो.

आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणलं. दोघांचीही रायफल .22 चीच. स्वप्नीलचा फायनलचा स्कोअर होता 451.4. तिथे गुण दशांशात मोजतात. केसाएवढ्या फरकाची किंमत यावरून कळावी!

एक मात्र लक्षात ठेवा. एनसीसीच्या रायफलचा स्क्रू कॅडेटनं स्वतः फिरवायचा नाही. ते काम आर्मररचं. आपलं काम वहीचं: तारीख, हवा, गोळ्यांचा लॉट, ग्रुपचा आकार. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निदान पाच ग्रुप झाल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही.

प्रॅक्टिकलचं रीडिंग चुकलं की आपण आधी उपकरणाचा झीरो एरर पाहतो. मग स्वतःला नालायक ठरवायची एवढी घाई कशाला? आधी स्क्रू तपासून घ्या. तो बरोबर निघाला, तर मग आहेच सराव!