चित्रपट-महोत्सव कशासाठीं?

हल्लीं चित्रपट पाहण्यासाठीं घराबाहेर पडण्याची आवश्यकता उरलेली नाहीं. मोबाईलवर बोट ठेवतांच देशोदेशींचे चित्रपट समोर उभे राहतात. मग रांगेंत तिष्ठून, अनोळखी लोकांत बसून चित्रपट पाहण्याचे महोत्सव आतां कशाला हवेत, असें कोणी विचारल्यास तो प्रश्न अगदींच गैर नव्हे. त्याचा शांतपणें विचार करूं.

प्रथम थोडा इतिहास. जगांतील सर्वांत जुना चित्रपट-महोत्सव इटलींतील व्हेनिस येथें १९३२ सालीं सुरू झाला. पुण्याच्या प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' हा बोलपट १९३७ मध्यें तेथें दाखविला गेला व वाखाणला गेला. भारतांतील पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव जानेवारी १९५२ मध्यें मुंबईस भरला. त्यांत 'बायसिकल थीव्ह्ज' हा इटालियन चित्रपट होता. एका गरीब मजुराची सायकल चोरीस जाते, एवढीच ती कथा. परंतु तिनें आमच्या दिग्दर्शकांना नवी दृष्टि दिली. बिमल रॉय यांनीं तिच्यापासून स्फूर्ति घेऊन १९५३ मध्यें 'दो बिघा जमीन' निर्माण केला, आणि पुढच्याच वर्षीं फ्रान्समधील कान येथें त्याचा गौरव झाला. एका दिव्यानें दुसरा दिवा लागतो, तो असा.

परंतु हें काम आज यंत्र करणार नाहीं काय? येथेंच खरा भेद आहे. यंत्र आपली पूर्वीची आवड पाहून तशाच वस्तु पुनः पुनः पुढें करितें. गोड खाणाऱ्याला तें गोडच वाढतें. महोत्सवांत जाणकार माणसें निवड करितात, आणि आपण कधीं मागितलें नसतें असें कांहीं आपल्या ताटांत येतें. रुचि वाढते ती त्यानेंच.

दुसरें असें कीं, ज्यांच्यापाशीं जाहिरातीस पैसा नाहीं त्यांना महोत्सव हाच आधार असतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' ह्या चित्रपटाला २०१४ मध्यें व्हेनिस येथें दोन पारितोषिकें मिळालीं. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' ह्या मराठी चित्रपटास २०२५ मध्यें अमेरिकेंतील सनडान्स महोत्सवांत परीक्षकांचें मोठें पारितोषिक लाभलें. असंख्य चित्रपटांच्या गर्दींत अशा कृतींकडे बोट दाखविणारा कोणी तरी हवाच.

तिसरा लाभ एकाग्रतेचा. घरीं आपण चित्रपट मध्येंच थांबवितों, कंटाळा येतांच दुसरा लावितों. अंधाऱ्या सभागृहांत मात्र आपण दुसऱ्याचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकून घेतों. हा संयम केवळ चित्रपटापुरताच उपयोगी आहे असें नव्हे.

यंत्राचे उपकारही नाकारतां येत नाहींत. पणजी, पुणें किंवा मुंबई येथील महोत्सवांस जाणें खेड्यांतील मुलाला परवडत नाहीं. त्याला मोबाईलच जगाची खिडकी होते. म्हणून आमची सूचना एवढीच: वर्षांतून एकदां प्रत्येक शाळेनें स्वतःचा छोटा महोत्सव भरवावा. शिक्षकांनीं तीन उत्तम चित्रपट निवडावे, एक तरी परभाषेंतील असावा, आणि पाहून झाल्यावर मुलांनीं व पालकांनीं एकत्र बसून त्यांवर चर्चा करावी. यंत्र चित्रपट आणून देईल. परंतु त्यावर विचार करावयाला सोबती लागतात, आणि ते यंत्रांत सांपडत नाहींत.