घरची गाडी : ब्रेक पॅड कंपनीचे की बाहेरचे?

ऊसबिल जमा झाले की घरच्या गाडीचे काम निघते. मिस्त्री विचारतो, "पॅड कंपनीचे टाकू का बाहेरचे?" आपण म्हणतो, "स्वस्त पडेल ते टाक." पण बाहेरचा सगळा माल सारखा नसतो.

बाजारात तीन प्रकार मिळतात. पहिला, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला. दुसरा, ब्रेकचे सामान बनविणाऱ्या नावाजलेल्या कारखान्याचा. गाडीच्या कंपन्याही अशाच कारखान्यांकडून पॅड घेतात. म्हणून हा माल स्वस्त असला तरी हलका नव्हे. तिसरा नकली. खोके हुबेहूब, आत काय ते देव जाणे!

हा फरक गावात कळत नाही, घाटात कळतो. वेग दुप्पट झाला की ब्रेकवर चौपट भार येतो, त्याची उष्णता होते. हलका पॅड तापला की पकड सोडतो. आंबा घाट उतरताना गाडीत आपलीच मुलेबाळे असतात.

तेव्हा सभासदांनी एवढे करावे :

१) आपल्या मॉडेलचाच पॅड, ओळखीच्या दुकानातून, पक्क्या पावतीवर घ्यावा.
२) पॅडचा थर ३ मि.मी. उरला की बदलावा. डाव्या-उजव्या चाकांचे पॅड एकदमच बदलावेत.
३) नवे पॅड बसल्यावर पहिले २००-३०० कि.मी. करकचून ब्रेक मारणे टाळावे.
४) घाट उतरताना गाडी खालच्या गिअरात ठेवावी.

बेणे घेताना आपण नुसता दर पाहत नाही, मळा कुणाचा तेही विचारतो. पॅड घेतानाही तसेच विचारावे.