ज्ञानाचे ऋण

मंगळ व गुरू यांच्या कक्षांमधील विस्तीर्ण पट्ट्यात लक्षावधी लहानमोठे पाषाणखंड सूर्याभोवती फिरत असतात. त्यांस लघुग्रह म्हणतात. आकाशाच्या एकाच भागाची काही काळाच्या अंतराने घेतलेली छायाचित्रे ताडून पाहिली, तर तारे जागच्या जागी दिसतात. लघुग्रह मात्र सरकलेला आढळतो.

इ. स. १९८८ च्या फेब्रुवारीत तामिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेत आर. राजमोहन यांना असाच एक लघुग्रह गवसला. त्याची कक्षा निश्चित झाल्यावर त्यास ४१३० हा क्रमांक मिळाला. लघुग्रहाचे नाव सुचविण्याचा मान शोधकाचा असतो. परंतु त्याने स्वतःचे नाव सुचवू नये, असा संकेत आहे. या लघुग्रहास थोर गणिती रामानुजन यांचे नाव देण्यात आले.

पूर्वसूरींचे ऋण मानण्याची ही रीत खानदेशास नवी नाही. जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावाजवळच्या पाटणादेवी येथे सुमारे आठशे वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला, असे तो सांगतो. एका गणितज्ञाची स्मृती सह्याद्रीच्या पायथ्याशी शिळेवर कोरली गेली. दुसऱ्याची आकाशातील शिळेने धारण केली. शिळेवर नाव टिकते. विद्या मात्र अध्ययन करणाऱ्यांमुळेच टिकते.