जुनी फायबरची होडी घरी दुरुस्त करताय? नफा रंगात नाही, ठोकून बघण्यात आहे



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जुन्या फायबरच्या होडीचं काम बघितलं. हा लेख त्याचाच लेखी धडा. व्हिडिओत हात कसा फिरवायचा ते दिसतं, इथे मापं आणि हिशोब आहे. जवळ ठेवा, काम करताना लागेल.

आधी माझी गोष्ट सांगतो. ही चूक तुम्ही करू नये, म्हणूनच हा धडा लिहायला घेतला.

माझी पहिली जुनी होडी मी स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. अठरा फुटी, रंग उडालेला, एका बाजूला भोक. भोक बुजवलं, घासली, रंग मारला. अशी चकाचक दिसायला लागली की आठ दिवसांत गिऱ्हाईक आलं आणि इसारही देऊन गेलं. मग चाचणीसाठी इंजिन लावलं आणि पाण्यात नेली. थ्रॉटल दिल्याबरोबर इंजिन ज्या मागच्या फळीवर बसतं ती फळी, म्हणजे ट्रान्सम, हलायला लागली. आतलं लाकूड कुजलेलं होतं. बाहेरून रंग नवा, आत लगदा!

गिऱ्हाइकाला तेव्हा काहीच कळलं नव्हतं. होडी देऊन टाकली असती तर पैसे मिळाले असते. पण त्या होडीत तो माणूस आणि त्याचा मुलगा समुद्रात जाणार होते. इसार परत केला, ट्रान्सम उघडला आणि त्या होडीत तोटा खाल्ला. त्या दिवशी एक गोष्ट कायमची शिकलो: या धंद्यातला नफा रंग मारताना होत नाही. होडी घेण्याआधी, ठोकून बघताना होतो.

पायरी 1: घेण्याआधी तपासणी

सोबत काय न्यायचं? प्लास्टिकची हातोडी किंवा स्क्रू ड्रायव्हरची मूठ, टॉर्च, खडू आणि एक पाना. बस्स.

*ठोकून बघा.* सगळ्या होडीवर वीतभर अंतराने हलकं ठोकत जा. चांगल्या फायबरचा आवाज टणटणीत येतो. बद्द आवाज आला तर आत थर सुटलेत किंवा लाकूड भिजलंय. तिथे खडूने गोल करा. शेवटी लांब उभं राहून बघा. गोल कुठे जमलेत, त्यावरून रोग कळतो.

*ट्रान्सम हलवून बघा.* इंजिन लावलेलं असेल तर ते धरून मागे-पुढे ढकला. फळी वाकताना दिसली तर सावध. मालकाची परवानगी घेऊन खालचा एक बोल्ट काढा. भोकातून तपकिरी पाणी किंवा काळं ओलं लाकूड निघालं तर उत्तर मिळालं.

*भेगा वाचा.* एका जागेवरून चांदणीसारख्या फुटलेल्या भेगा म्हणजे तिथे मार बसलाय. एकाला एक समांतर भेगा म्हणजे तो भाग वारंवार वाकतोय. पहिली दुखापत आहे, दुसरा आजार आहे. दुसऱ्यात नुसती भेग भरून भागत नाही, आतून आधार द्यावा लागतो.

*फोड बघा.* जी होडी महिनोन् महिने पाण्यात उभी असते, तिच्या बुडाला फोड येऊ शकतात. फोड टोचल्यावर व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी आलं तर गेलकोटच्या आत पाणी शिरलंय. अशी होडी उघडून, गोड्या पाण्याने धुऊन, कित्येक आठवडे वाळवावी लागते. हा वेळसुद्धा तुमचा खर्चच आहे.

*कागदपत्रं बघा.* होडी मासेमारीची असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाकडे, प्रवासी वाहतुकीची असेल तर महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे चौकशी करा. नोंदणी कोणाच्या नावावर आहे, नाव बदलून मिळेल का, हे पूर्ण पैसे देण्याआधी विचारायचं. होडीवरच्या नंबरचा फोटो काढून ठेवा. रंग मारल्यावर तोच नंबर परत तसाच लिहायचा आहे.

पायरी 2: हिशोब आधी, हातोडी नंतर

खालचे आकडे फक्त पद्धत समजण्यासाठी धरलेत. तुमच्या गावचे भाव तुम्ही टाका.

- खरेदी: 45,000
- वाहतूक: 6,000
- रेझिन, मॅट, गेलकोट, पेपर, पॉलिश: 14,000
- अवजारं आणि सुरक्षेचं सामान: 7,000
- तुमची मजुरी, 60 तास × 150 रुपये: 9,000
- राखीव, म्हणजे खरेदी सोडून बाकी 36,000 खर्चाच्या 15 टक्के: 5,400

एकूण झाले 86,400. होडी 95,000 ला गेली तर हातात 8,600. आता समजा ट्रान्सम कुजलेला निघाला आणि त्याचं काम 18,000 चं झालं. सरळ 9,400 चा तोटा! पण हेच घेण्याआधी कळलं असतं तर तुम्ही ती होडी 27,000 ला मागितली असती, नाहीतर सोडून दिली असती. म्हणजे हातोडीच्या त्या दहा मिनिटांची किंमत 18,000 रुपये.

आणि एक सांगतो, "माझीच मेहनत आहे, तिचे पैसे कशाला धरायचे?" असं म्हणू नका. मजुरी धरली नाही की प्रत्येक धंदा फायद्यातच दिसतो.

पायरी 3: हंगाम ओळखा

आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. पावसात होड्या वर ओढून झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारून ठेवतात. होड्या जमिनीवर, मालक घरी. बघायला आणि बोलणी करायला हाच काळ उत्तम. पण रेझिनचं काम या काळात उघड्यावर करू नका. दमट हवेत आणि ओल्या फायबरवर रेझिन नीट धरत नाही. पावसात होडी घ्या, छपराखाली सुकवा, आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की कामाला लागा. डिसेंबरच्या पर्यटन हंगामाआधी होडी तयार.

सुकली की नाही हे कसं ओळखायचं? प्लास्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून फायबरवर चिकटवा आणि दिवसभर उन्हात ठेवा. आतून दव धरलं तर अजून थांबा.

पायरी 4: जीव आधी

हा भाग गाळून पुढे जाऊ नका.

फायबरची धूळ म्हणजे काचेची धूळ. पूर्ण बाह्यांचे कपडे, गॉगल आणि धुळीचा चांगला मास्क हवाच. रेझिनच्या वाफेसाठी कापडी रुमाल चालत नाही, रासायनिक वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. काम मोकळ्या हवेत करायचं, जवळ विडी-सिगारेट, चूल काही नको.

हार्डनर डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. गॉगल काढायचाच नाही. तरीही थेंब उडाला तर लगेच निदान 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरा आणि थेट डॉक्टरकडे जा.

सगळ्यात महत्त्वाचं: कोबाल्ट आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत. स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर. नवशिक्यांनी कोबाल्ट घातलेलं तयार रेझिनच मागावं, दुकानात मिळतं.

घरी काम करताय तर शेजाऱ्यांना आधी सांगा, भोवती ताडपत्री लावा. धूळ गोळा करून पोत्यात भरा, ओढ्यात किंवा वाळूत टाकू नका.

पायरी 5: भोक भरणं

समजा 15 × 10 सेंटिमीटरचं भोक आहे आणि फायबर 6 मिलिमीटर जाड आहे.

1. आधी गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. मीठ राहता कामा नये. सुकल्यावर अॅसिटोनने पुसा, मगच घासा. उलटं केलंत तर जुनं मेण आणि तेल घासून आत जातं.

2. फुटलेला भाग घट्ट फायबर लागेपर्यंत कापा. मग आतल्या बाजूने ग्राइंडरने उतार काढा. जाडीच्या बारा पट उतार धरा. 6 मिलिमीटरला 72 मिलिमीटर, म्हणजे चारी बाजूंनी साधारण सात सेंटिमीटर. भोक 15 × 10 चं, पण ठिगळ 30 × 25 चं होतं. नवशिके इथेच कंजुषी करतात. नवीन थर जुन्याला रासायनिक जोडाने नाही, घासलेल्या पृष्ठभागाला पकडून धरतो. उतार जितका लांब, पकड तितकी जास्त.

3. बाहेरून सनमायकाच्या तुकड्याला मेण लावून तो भोकावर घट्ट बसवा. हा झाला साचा.

4. 450 ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण 1 मिलिमीटर होतो. म्हणजे सहा थर. तुकडे मोठ्यापासून लहानापर्यंत कापा आणि सगळ्यात मोठा आधी लावा. पूर्ण उतारावर तोच बसतो.

5. सहा थरांची मॅट मिळून सुमारे 120 ग्रॅम होते. रेझिन वजनाच्या अडीच पट, म्हणजे 300 ग्रॅम. हार्डनर साधारण 1 ते 2 टक्के, नेमकं प्रमाण डब्यावर बघा. आपल्या उन्हात कमी बाजूने सुरुवात करा. 1 टक्क्याने 300 ग्रॅमला 3 ग्रॅम. अंदाजाने ओतू नका, छोटा वजनकाटा घ्या.

6. एकदम सगळं कालवू नका, दोन वेळा करा. डब्यात साठलेलं रेझिन स्वतःच तापतं आणि हातात असतानाच गोठतं. उरलेला डबा उघड्यावर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा.

7. ब्रशने मॅट भिजवा आणि लोखंडी रोलरने हवा काढा. पांढरा ठिपका दिसला म्हणजे तिथे हवा आहे. तो ठिपका पुढे जाऊन पाण्याची वाट बनतो. दोन-तीन थर झाले की थोडं थांबा, फार तापू देऊ नका.

आणि हो, ही मॅट पॉलिस्टर रेझिनसाठी असते. एपॉक्सी वापरायचं ठरवलंत तर कापड वेगळं घ्यावं लागतं, आणि वर साधा गेलकोट नीट धरत नाही, पेंट मारावा लागतो. एकच पद्धत निवडा, सरमिसळ नको.

पायरी 6: आता चकाकी

दुसऱ्या दिवशी सनमायका काढा, बाहेरचं मेण अॅसिटोनने पुसा, 80 नंबरने घासा. खड्डे असतील तर पॉलिस्टर लांबी भरा. मग गेलकोट, सुमारे अर्धा मिलिमीटर. साधा गेलकोट हवा लागली की वरून चिकट राहतो. म्हणून शेवटच्या हातात मेणाचं द्रावण घाला किंवा वर पॉलिस्टर फिल्म चिकटवा.

सुकल्यावर 220, 400, 600 असा पाण्याने घासत जा, मग कंपाउंड, मग वॅक्स. बाकीची होडी नुसती फिकी पडली असेल तर रंग मारायची घाई करू नका. आधी हातभर जागेवर पाणी-पेपर आणि कंपाउंड मारून बघा. बऱ्याचदा जुना गेलकोटच परत उजळतो आणि रंगाचे पैसे वाचतात.

गेलकोट पार झिजला असेल तर दोन डब्यांचा पीयू पेंट, पण घरी ब्रश-रोलरनेच. पीयूचा स्प्रे श्वासात जाणं फार धोक्याचं, ते योग्य सोय असलेल्याचं काम. आणि होडी रोज वर ओढणार असाल तर बुडाला शेवाळ-कालवं रोखणाऱ्या महागड्या रंगाची गरज नाही. तो पाण्यात उभ्या राहणाऱ्या होडीसाठी.

पायरी 7: विकताना

कामाचे फोटो काढा: भोक, उतार, प्रत्येक थर, ट्रान्समची तपासणी. ते गिऱ्हाइकाला दाखवा आणि इंजिन लावून पाण्यात चाचणी द्या. जे दुरुस्त केलं नाही तेही सांगा. किनाऱ्यावर सगळे एकमेकांना ओळखतात. एका होडीत पाणी शिरलं तर ती बातमी पुढच्या जेटीपर्यंत तुमच्या आधी पोचते. आणि "ह्याचं काम पक्कं असतं" ही बातमीसुद्धा तशीच पोचते. जाहिरातीचा खर्च शून्य.

माझ्या त्या इसार परत केलेल्या गिऱ्हाइकाने पुढच्या वर्षी स्वतःची होडी दुरुस्तीला माझ्याकडेच आणली. त्यानंतर खरेदी-विक्रीपेक्षा दुरुस्तीचंच काम जास्त येऊ लागलं. भांडवल कमी, जोखीम कमी. नवीन माणसाने सुरुवात तिथूनच करावी, असं माझं मत आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

होडी विकत घेऊ नका. फक्त तीन जुन्या होड्या बघा, परवानगी घेऊन ठोका, खडूने गोल करा आणि प्रत्येकीचा वरच्यासारखा हिशोब वहीत मांडा. तिन्ही सोडून द्याव्यात असं उत्तर आलं तरी हरकत नाही. न घेतलेल्या वाईट होडीचे पैसे तुमच्याच खिशात आहेत.

भेटू पुढच्या धड्यात. काम सावकाश करा, गॉगल लावून करा!